एकशे चौऱ्याहत्तर दिवस

१ जानेवारी २०२५, बुधवार

काल रिटायर झाले. ऑफिसने शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. घड्याळ कशाला दिलं देव जाणे. आता मला कुठे वेळेवर पोचायचंय? डायरीचा कागद मात्र छान आहे, शाई फुटत नाही. म्हणून लिहायला घेतली.

मला अजिबात वाईट वाटत नाहीये. तेहेतीस वर्षं नद्यांचं पाणी मोजलं. म्हणजे मोजलं दुसऱ्यांनी, मी तपासलं. नदीत जागोजागी आकडे रंगवलेली पट्टी उभी असते, तिला गेज म्हणतात. रोज सकाळी आठ वाजता एक माणूस जाऊन पाणी कुठवर आलंय ते वाचतो आणि तो आकडा भोपाळला येतो. आकडा खरा वाटतो की नाही, एवढंच माझं काम. पुरे झालं. आता आराम.

आज आठ वाजता उगाचच फोनकडे बघितलं. कोणाचा आकडा आला नव्हता.

४ जानेवारी, शनिवार

सगळी कपाटं आवरून झाली. मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली. जयंतराव, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "मंदा, हळदीला लेबल कशाला? हळद पिवळीच असते." हे मंडीदीपच्या एका फॅक्टरीत क्वालिटी बघतात, एक्स्टेंशनवर आहेत, त्यामुळे दिवसभर घरी नसतात. मी म्हटलं, "असू द्या."

नंतर नळाखाली बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजत होते. हे कोणाला सांगितलेलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

वरच्या खोलीत आमची भाडेकरू राहते, तन्वी. उज्जैनच्या मराठी मास्तर-मास्तरणीची मुलगी, पीएच.डी. करते. दोन वर्षं झाली, पण मी सकाळी साडेनऊला बाहेर आणि ती त्यानंतर उठणारी, त्यामुळे ओळख जिन्यापुरतीच. आज तिला पोहे खायला बोलावलं. वर रतलामी शेव घातली. पोरगी चिमणीएवढं खाते. चार घास खाल्ले आणि बशी सरकवली.

"तू नेमकं करतेस काय गं?" मी विचारलं.

"ब्लॅक होल, काकू. छोटेवाले नाही. गॅलेक्सीच्या एकदम सेंटरला असतात ना, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचे, ते. आणि त्यांच्या आजूबाजूला डार्क मॅटर आहे का, किती आहे, ते."

डार्क मॅटर म्हणजे जे दिसत नाही पण ज्याचं वजन लागतं, ते. दीर्घिकेतले, म्हणजे गॅलेक्सीतले, तारे ज्या वेगाने फिरतात त्यावरून कळतं म्हणे, की दिसणाऱ्या मालापेक्षा वजन पुष्कळ जास्त आहे. माणसांना वाटतं, ते सगळ्यात दाट कृष्णविवराभोवती साचलेलं असणार. पण तिथे ते कोणी नीट मोजलेलं नाही.

मग हसून म्हणाली, "आणि काकू, तुम्हाला माहितीय? आमच्या शाळेच्या हिंदी पुस्तकात गॅलेक्सीला मंदाकिनी म्हणायचे."

बासष्ट वर्षं हे नाव घेऊन हिंडतेय, कोणी सांगितलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आज तन्वीने लॅपटॉपवर दोन आलेख दाखवले. वरचा म्हणजे मध्यातला उजेड. कृष्णविवरात वायू पडत असतो, पडताना तापतो आणि चमकतो. कधी जास्त, कधी कमी. खालचा आलेख बाहेरच्या वायूच्या कड्याचा. मध्यभागी उजेड वाढला की तो कड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि मग कडं उजळतं. मधे किती दिवस गेले ते मोजलं की कडं किती लांब आहे ते कळलं.

मी पाच सेकंद बघितलं आणि म्हटलं, "अगं, हे पुराचं पाणी आहे."

"म्हणजे?"

"वरच्या गेजला पाणी चढलं की खालच्या गेजला किती तासांनी चढणार, हेच तर आम्ही काढायचो. वरचा डोंगर, खालचा डोंगर. दोन शिखरांमधलं अंतर मोज."

तन्वी माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, तुम्ही हे किती वर्षं केलंय?"

"तेहेतीस."

"आणि आकडा गडबड आहे हे तुम्हाला बघून कळायचं?"

"वासानेच कळायचं," मी म्हटलं. जरा फुशारकीच मारली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. एकाच दिवशी सतरा बायकांनी विचारलं, "मग आता वेळ कसा जातो?" सतरा वेळा सांगितलं, मजेत.

२२ जानेवारी, बुधवार

तन्वीने आज छापील कागदांचा गठ्ठा आणून दिला. तिच्या मुख्य दीर्घिकेची सहा वर्षांची वाचनं. दर पाच दिवसांनी एक, मध्यातला उजेड आणि तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कड्याचा उजेड. म्हणाली, "काकू, टाइमपास म्हणून बघा. घाई नाही." जिन्यात पोचल्यावर मात्र वळून विचारलं, "दहा दिवसांत होईल का?"

गोड मुलगी आहे. म्हातारीला विरंगुळा हवा हे तिला बरोबर कळलं. न्यू मार्केटमधून ग्राफ पेपर आणला. दुकानदार म्हणाला, "आंटी, नाती के स्कूल का प्रोजेक्ट है?" मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

रोज अकरा ते एक आणि तीन ते पाच बसते. पेन्सिल, रबर, फूटपट्टी. प्रोग्रामने हे क्षणात होतं हे माहीत आहे, पण हाताने ठिपका दिल्याशिवाय आकड्याशी ओळख होत नाही. जयंतराव म्हणतात, घरात परीक्षेचं वातावरण आहे.

आज तन्वीने जेवताना सगळं नीट सांगितलं, ते इथे लिहून ठेवते.

त्या दीर्घिकेत तीन कडी आहेत. पहिल्याला उजेड पोचायला अकरा दिवस, दुसऱ्याला सदतीस, तिसऱ्याला एकशे चौऱ्याहत्तर. वायू किती जोरात फिरतोय तेही मोजता येतं. अंतर आणि वेग, दोन्ही मिळाले की त्या कड्याच्या आत एकूण वजन किती ते निघतं. पहिलं कडं सांगतं, आत नऊ कोटी सूर्यांएवढं वजन. दुसरंही तेच सांगतं. तिसरं सांगतं बारा कोटी.

"म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे तीन कोटी सूर्य लपलेत?" जयंतरावांनी विचारलं.

"तारे आणि वायू धरूनसुद्धा एवढं होत नाही, अंकल."

"म्हणजे तेच तुझं डार्क मॅटर! वा! मग पेढे कधी?"

तन्वी म्हणाली, पेपर महिनाअखेर पाठवायचाय, त्याच जोरावर जर्मनीत एका मोठ्या गटात जागा मिळेल, सात मार्चला ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. तिचे गाइड सक्सेना सर एकदम खूश आहेत. हे सगळं सांगताना ती वरणभात कालवत होती. खाल्ला नाही. परदेशी जायचं म्हणून मुली आधीपासूनच हळव्या होतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे आजच लिहून ठेवते.

तिसऱ्या कड्याचे सगळे ठिपके आज जोडले. चहा गार झाला तरी कळलं नाही. सहाही वर्षी जुलै ते ऑक्टोबरअखेर ठिपके फार शहाण्यासारखे वागतात. खरं वाचन थरथरतं. पाणी असो की उजेड, एक ठिपका वर उडतो, एक खाली बसतो. या चार महिन्यांत मात्र रेघ कशी इस्त्री केल्यासारखी, हलकीशी वळणं घेत जाते. नोव्हेंबर लागला की पुन्हा थरथर सुरू.

ही वाचनं नाहीत. हे भरलेलं आहे.

आमच्याकडे एक गेज वाचणारा होता, दिवाळीत गावी जायचा आणि परत येऊन दहा दिवस एकदम भरायचा. कालच्यापेक्षा जरा कमी, त्यापेक्षा जरा कमी. चित्र सुंदर असायचं. त्यावरूनच मी पकडायची.

मग मध्यातल्या उजेडाचे ठिपके बघितले. तिथेही तेच चार महिने. आणि ज्या तीन मोठ्या शिखरांवरून एकशे चौऱ्याहत्तर निघतं, त्या तिन्हींच्या जोडीचा चढ या भरलेल्या भागातून गेलाय. भरलेलं खोडून बघितलं तर नव्वदही बसतं, दोनशेसुद्धा बसतं. एकशे तीसही बसतं. आणि एकशे तीस धरलं तर वजन नऊ कोटीच येतं. मी तीन वेळा गुणाकार केला.

तीन कोटी सूर्य गेले.

किती आनंद झाला मला! खरंच, आधी आनंदच झाला. उठून घरभर फिरले. मग वरून तन्वीच्या चपलांचा आवाज आला.

९ फेब्रुवारी, रविवार

जयंतरावांना सांगितलं. ते बराच वेळ ग्राफ बघत राहिले. मग म्हणाले, "मंदा, हे मोठ्ठे शास्त्रज्ञ लोक आहेत. त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल ना."

"हो, तेही आहेच."

"आणि पोरीच्या नोकरीचा सवाल आहे."

"हो ना."

"फॅक्टरीत माझ्यासमोर असा माल आला असता तर?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. दहा मिनिटं एकच पान.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाही सांगायचं. मी काय, बी.एस्सी. सेकंड क्लास. प्रोग्राम जर्मन लोकांनी बनवलेला असेल. भरण्यामागे काही गहन कारण असेल. शिवाय तिने वेळ जावा म्हणून दिलं होतं, चुका काढायला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झोप लागली नाही म्हणून पहाटेच लिहायला बसले. एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. नव्व्याण्णव साली एका नाल्याची पुराची वाचनं माझ्याकडे आली होती. त्यावरून पुलाची उंची ठरायची होती. वाचनं भरलेली होती, मला दिसलं. मी टिपण लिहिलं, साहेब म्हणाले, "मॅडम, जाने दीजिए," आणि मी टिपण फाडलं. पुलाला काही झालेलं नाही. छान उभा आहे. पण मी बसमध्ये असले की तो पूल येताना खिडकीकडे पाठ करून बसते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

दुपारी तिला खाली बोलावलं, ग्राफ टेबलावर पसरला आणि एका दमात बोलून टाकलं. "तन्वी, मला यातलं शास्त्र कळत नाही, मी चुकत असेन. पण दर वर्षी मधले चार महिने ही खरी वाचनं नाहीत."

पंखा फिरत होता, कागदाचे कोपरे उडत होते. मी त्यावर डबे ठेवले.

"कुठून कुठपर्यंत?" तिने विचारलं.

"थांब, तारखा काढून ठेवल्यात," म्हणून मी वही उघडत होते, तोवर तीच म्हणाली, "दोन जुलै ते अठ्ठावीस ऑक्टोबर."

माझ्या वहीतही तेच. काय स्मरणशक्ती आहे या मुलीची!

मग तिने समजावलं. त्या चार महिन्यांत आकाशाच्या त्या भागात सूर्यच येतो. दीर्घिका दिवसा वर असते, दिसणार कशी? आणि त्यांच्या प्रोग्रामला रिकाम्या जागा चालत नाहीत, म्हणून तो त्या अंदाजाने भरतो. कुठलं वाचन खरं, कुठलं भरलेलं, याचा वेगळा कॉलम असतो.

"मग माझ्या कागदांत तो कॉलम का नव्हता?"

"पानात बसत नव्हता, काकू," ती म्हणाली.

पानात डाव्या बाजूला चांगली चार बोटं जागा होती. पण प्रिंटरचं काय असतं ते मला कळत नाही.

मी म्हटलं, "रागावलीस?" तर पोरगी रडायलाच लागली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. एवढं मोठं नुकसान केलं मी तिचं. रडून झाल्यावर म्हणाली, "काही खायला आहे का?" आणि चार पोळ्या खाल्ल्या. दुःखात माणसाला भूक लागते, माझ्या आत्याचंही असंच होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तन्वीने सक्सेना सरांना सांगितलं. सर म्हणाले, हा प्रोग्राम सगळं जग वापरतं. तन्वी म्हणाली, पण सर, आपला सगळा निकाल भरलेल्या जागेवर उभा आहे. सरांनी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, माझ्या घरमालकीणबाईंनी.

सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ते घरी आले! अर्धा तास आधी तन्वीचा फोन, "काकू, सर येतायत." मी नवी साडी नेसू की नको या विचारात दहा मिनिटं घालवली. मग पांढरी कोटा साडीच नेसले.

सक्सेना सर पंचावन्नचे असतील, उंच, चेहरा आंबट. तन्वी त्यांच्या मागे उभी, जणू तीच चोरी करताना पकडली गेलीय. मी खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या. त्यांनी हाताने नको म्हटलं.

"मॅडम, आपने फिजिक्स पढ़ी है?"

"बी.एस्सी. तक. उसके बाद पानी पढ़ा है."

"ये जो फिलिंग है, इसका पूरा गणित है. कोई मनमानी नहीं है."

"होगा, सर," मी म्हटलं. "मेरा बस एक सवाल है. जिस दिन किसीने देखा नहीं, उस दिन उजाला ऊपर गया था या नीचे, ये गणित को कैसे मालूम?"

"अनुमान से. आगे-पीछे की रीडिंग से."

"तो फिर जो बीच में अचानक उठा और बैठ गया, वो?"

मी ग्राफ पुढे सरकवला. तीन शिखरांना लाल पेन्सिलने गोल केले होते. ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. खिशातून पेन काढून माझ्या ग्राफवर, न विचारता, एक रेघ मारली. मग दुसरी. मग तन्वीला म्हणाले, "तुमने बिना फिलिंग के चलाया था?"

"हाँ," तन्वी म्हणाली. मग घाईघाईने, "मतलब, अभी चलाया, सर. कल."

"कितना आया?"

"नब्बे से दो सौ दस के बीच. कुछ भी."

सर खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडणार. हळूच म्हणाले, "अठारह महीने." मग बशीतून एक वडी उचलली, खाल्ली, दुसरी उचलली. "मैंने ही कहा था इसे कि कॉलम की चिंता मत करो."

तन्वीने खाली बघितलं. मला कळेना कोणाची बाजू घ्यावी, म्हणून चहा टाकायला आत गेले.

जाताना दारात म्हणाले, "मॅडम, ये ग्राफ मैं ले जाऊँ?" मी म्हटलं, "झेरॉक्स ले जाइए." मूळ कागद मी साहेबांनाही कधी दिला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पेपर पाठवला नाही. जर्मनीच्या गटाला तन्वीने कळवलं, जुना निकाल मागे घेत आहे, इंटरव्ह्यूत नवीन काम सांगेन. नवीन काम कुठलं, ते अजून कोणालाच माहीत नाही.

३ मार्च, सोमवार

सापडलं! शुक्रवारी रात्री जेवताना मीच विचारलं होतं की सूर्य जिच्या आड कधीच येत नाही अशी दीर्घिका नसते का? तन्वी घास हातात धरून बसली. "काकू, ध्रुवाजवळची! वर्षभर दिसते." तिच्या अकरा दीर्घिकांच्या यादीत अशी एकच आहे, लहानशी, कृष्णविवरही अंगाने बारीक. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. सर आणि ती तीन दिवस तिच्यावरच बसलेत.

७ मार्च, शुक्रवार

ध्रुवाजवळच्या दीर्घिकेचा निकाल काल आला. तिन्ही कडी एकच वजन सांगतात. जास्तीचं काही नाही.

मला वाटलं, मग डार्क मॅटर नाहीच! तन्वीने समजावलं, तसं नाही. आपलं माप जेवढं बारीक, तेवढ्यात दिसलं नाही. म्हणजे असलंच तर इतक्यापेक्षा जास्त नाही, एवढंच छातीठोक सांगता येतं. "छोटा रिझल्ट आहे, काकू. पण पक्का आहे."

आज त्यावरच तिने इंटरव्ह्यू दिला. मी खाली बसून पंचेचाळीस मिनिटं मटार सोलले. मटार किलोभरच होते, नंतर रिकाम्या शेंगा पुन्हा चाळत बसले. खाली येऊन म्हणाली, "ठीक झाला." चेहऱ्यावरून काही कळलं नाही. चार वाजता पुन्हा खायला मागितलं.

१४ मार्च, शुक्रवार

होळी. तन्वीने माझ्या पांढऱ्या केसांना हिरवा रंग लावला. जयंतराव म्हणाले, शोभतोय. आमच्या आशयने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि विचारलं, "आई, तुझं सगळं ठीक आहे ना?"

१९ मार्च, बुधवार

जर्मनीची जागा दुसऱ्या कोणाला दिली. पत्र अगदी सभ्य होतं. तिने उज्जैनला फोन केला, मग जिन्यातच बसली. मी शेजारी जाऊन बसले. रंगपंचमीचा दिवस, बाहेर गाड्यांवर ढोल वाजत होते, आणि आम्ही दोघी पायरीवर.

माझ्यामुळे झालं. हे लिहायलाच हवं. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं, निदान दोन-चार वर्षं तरी नाही.

२१ मार्च, शुक्रवार

तन्वीच्या आईचा उज्जैनहून फोन आला. मला वाटलं बोलणी खावी लागणार. तर त्या माझे आभारच मानायला लागल्या. "नोव्हेंबरपासून पोरीचं जेवण नाही, झोप नाही. दिवाळीला आली होती तेव्हा नुसती भिंतीकडे बघत बसायची. आता फोनवर हसते हो."

मी म्हटलं, नोव्हेंबर कसा, हे सगळं तर फेब्रुवारीत झालं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "असेल, असेल. माझाच गोंधळ झाला असेल." साध्या बाई आहेत. मास्तरणींचे सुद्धा महिने चुकतात.

२४ मार्च, सोमवार

आज धीर करून तिला विचारलं. "तन्वी, मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का?"

ती माझे ग्राफ गोळा करत होती. म्हणाली, "काकू, मी तुम्हाला कागद दिले तेव्हा रोज देवाला हात जोडायची की तुम्हाला काही सापडू नये. आणि मग रोज बघायची सापडलं का."

"म्हणजे काय?"

"काही नाही." तिने माझ्या गळ्यात हात टाकले. "थँक यू."

आजकालच्या मुलांचं बोलणं सरळ नसतं. पण ती सहा महिने आणखी इथेच राहणार आहे, थीसिस नव्याने लिहायचाय. मला एवढा आनंद झाला की लाज वाटली.

आणखी एक. सक्सेना सरांनी निरोप पाठवला, उरलेल्या नऊ दीर्घिकांचे कागद तुम्ही बघाल का? यावेळी कॉलमसकट. मी उलटा निरोप पाठवला, बघेन, पण मला आधी पहिल्यापासून शिकायचंय. न दिसणाऱ्या गोष्टीचं वजन लागतं म्हणतात ते कसं, हे मला अजून पटलेलं नाही, आणि न पटलेल्या गोष्टीचे आकडे मी तपासत नसते.

२५ मार्च, मंगळवार

सरांचं उत्तर आलं. एम.एस्सी.च्या मुलांसाठी ते सहा तासांचा छोटा कोर्स घेतात, मंगळवार आणि शुक्रवार. "मॅडम से कहना, पीछे न बैठें, पीछे पंखा नहीं है."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. जयंतराव आपणहून माझ्यासाठी वही घेऊन आले, दोनशे पानी, वर हत्तीचं चित्र. "दुकानात हीच होती," म्हणाले. कानाची पाळी लाल झाली होती.

१ एप्रिल, मंगळवार

कोलार रोडवरून बस धरली, मग रिक्षा. तन्वी सोबत येणार होती, मी नको म्हटलं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मी आत गेल्यावर सगळी मुलं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं मीच शिकवणार. मी पुढच्या बाकावर बसले तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "आंटी, किसी को ढूँढ़ रही हैं?" मी म्हटलं, "हाँ, डार्क मॅटर को." तिने लगेच सरकून जागा दिली. नाव मेघा.

सर आले. माझ्याकडे बघितलं नाही, पण आंबट चेहरा थोडा कमी आंबट होता. फळ्यावर एक दीर्घिका काढली. मध्यापासून बाहेर जाताना तारे हळू फिरायला हवेत, कारण बाहेर वजन कमी. पण मोजलं तर बाहेरचेही तेवढ्याच वेगाने फिरतात. मग हा वेग त्यांना कोण देतं? सरांचा खडू तुटला, दुसरा घेतला. सांगतात छान. मी सगळं उतरवून घेतलं, आकृतीसकट. एका जागी त्यांनी "मान लीजिए" म्हटलं, तिथे मी समासात खूण केली. पुढे तीन जागी आणखी.

घंटा व्हायला दहा मिनिटं होती. सर हात झटकत वळले. "किसी को कोई डाउट?"

चौदा मुलांनी चौदा वह्यांत माना घातल्या. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. मेघाने माझ्या वहीकडे बघितलं. समासात चार खुणा होत्या.

मी हात वर केला.